जाळी

लाउथच्या बाजारात, बुधवारी सकाळी,
ज्युडिथ ऑड्लिंगने आमच्या काउंटरवर ठेवला
पावाचा पत्र्याचा साचा.
त्यात पाव नव्हता. माती होती.
फावड्याने कापून आणलेला चौकोनी तुकडा,
वर क्लोव्हरची दोन पानं,
कडेने सरकणारं एक ओशाळं गांडूळ.

नेव्हिल म्हणाला, अगं, इथे लोक खातात.
ती म्हणाली, तेच तर.

मी गल्ल्यावर होते. वाकून पाहिलं,
तर मातीला जाळी पडलेली.
अनारशाला पडते, तशी.
आई म्हणायची, जाळी हाताने पाडता येत नाही,
पिठाला दिवस द्यावे लागतात.
बोटाने दाबलं. चिकटली नाही,
मोकळी झाली, भुगा-भुगा,
आणि वास आला, तळघर उघडल्यासारखा.

सहा वर्षं नांगर लावला नाही म्हणे.
पहिल्या हिवाळ्यात शेजारी विचारायचे, बरी आहेस ना?
मग विचारेनासे झाले.
या फेब्रुवारीत त्यांच्या चाकोऱ्यांत पाणी तुंबलं,
खाली लड नदी चहासारखी वाहिली,
कुणाचं तरी शेत घेऊन.
हिचं पाणी आत गेलं.
एवढंच सांगून ती गप्प बसली.

आम्ही गहू घेतो तिचा.
टनामागे चार पैसे जास्त देतो
आणि काचेवर तसं लिहितोही,
हिरव्या रंगात, जरा मोठ्याच अक्षरांत.

ज्युडिथने ते उलटं वाचलं, आतून.
म्हणाली, नेव्हिल, माझं शेत चार वर्षांचं असतं.
गहू, मग बाकला, मग ओट,
मग क्लोव्हर आणि मेंढ्या.
तू एक वर्ष विकत घेतोस
आणि पाटी चारही वर्षांची लावतोस.

ओव्हनची घंटा वाजली. कुणी उठलं नाही.

बाकल्याचं काय होतं? मी विचारलं.
डुकरांना जातो, ती म्हणाली, मिळेल त्या भावाने.

आता नेव्हिलला पीठ कळतं,
पण कडधान्य मला कळतं.
शनिवारी पोतं आलं. रात्रभर भिजवलं,
जुन्या ॲप्रनमध्ये घट्ट बांधून ठेवलं,
लिंकनशरच्या गारठ्यात
मोड यायला तीन दिवस लागले, आळशी.
कांदा, लेस्टरहून आणलेला गोडा मसाला,
कालच्या पावाचा तुकडा बाजूला.
फळ्यावर काय लिहू कळेना.
‘उसळ’ लिहिलं. खाली: ‘ज्युडिथचं दुसरं वर्ष’.

पहिल्या गुरुवारी तीन वाट्या गेल्या.
त्यातली एक मीच घेतली.

मिसेस टास्कर आल्या त्या तक्रार घेऊन.
गेल्या आठवड्याचा पाव बुटका होता,
या आठवड्याचा काळा,
आणि भोकातून मध त्यांच्या मनगटावर गळला.
मी म्हटलं, गहू दरवर्षी सारखा येत नाही, बाई,
आपण तरी कुठे दरवर्षी सारखे असतो.
त्या हसल्या नाहीत.
पण पाव घेतला. नेहमीचाच, मोठा.
चार पौंड वीस पेन्स मोजून दिले, सुटे,
एकेक नाणं माझ्याकडे सरकवत,
जणू प्रत्येकाला सांगत होत्या कुठे जायचंय ते.

नेव्हिलने कागद केला आहे.
तीन वर्षांचा. पेरणीच्या आधीच भाव ठरलेला,
गहू आणि बाकला दोन्ही.
ओटाचं अजून जमत नाही. बिस्किटं जळतात.
सही करताना त्याचा हात थबकला,
मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.
बँकेचं पत्र त्याच कप्प्यात आहे.

काचेवरची हिरवी अक्षरं मी ब्लेडने खरवडली.
‘चारातली दोन’, एवढंच लिहिलं,
लहान अक्षरात. लोक थांबून विचारतात,
चारातली दोन काय?

साचा ज्युडिथने परत नेला नाही.
खिडकीत आहे तो. क्लोव्हर वाढतंय.
गांडूळ मी मागच्या अंगणात सोडलं.
तिथे फरशी आहे सगळी,
एका कोपऱ्यात हातभर जागा सोडून.